मेळघाटातून मोटरला घंटी

ज्यांना चिखलदऱ्याला जायचं आहे त्यांनी खुशाल जावं. थंडीत जावं, जाड स्वेटर न्यावा, रबडी खावी. दऱ्या-डोंगरांचं वर्णन करणारे पुष्कळ आहेत, ते काम त्यांच्यावर सोपवते. मी सांगणार आहे ते असं की तिथं पोहोचल्यावर मी कोणाला फोन लावला आणि मग माझे दोन दिवस कसे गेले.

अकोला

आमची संत्र्याची बाग परतवाड्याजवळ. मी राहते अकोल्याला, लेकीकडे. बाग बघते माझी सून मंदा. मुलगा विलास परतवाड्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, दुकानातून सुटला तर बागेत दिसतो. त्यानंच विहिरीवरच्या मोटरला मोबाईलचा स्टार्टर बसवला. त्या डब्यात आपल्या फोनमध्ये असतं तसं सिमकार्ड असतं. ठरलेल्या नंबरावरून एक घंटी दिली की मोटर चालू, दुसरी दिली की बंद. काय केलं ते मोटर नंतर मेसेज पाठवून कळवते. शेतीची लाईन, म्हणजे वीज, नसेल तर हुकूम लक्षात ठेवते आणि लाईन येताच आपली आपण सुरू होते. इतकी आज्ञाधारक बाई आमच्या खानदानात झाली नाही.

तो ठरलेला नंबर माझा. डबा बसवताना विलासनं विचारलं, "आई, नंबर कोनाचा टाकू?" मी उलट विचारलं, "बाग कोनाच्या नावावर हाये?" त्यानं मुकाट्यानं माझा टाकला.

तेव्हापासून व्यवस्था अशी: मंदा बागेत, विहिरीपलीकडच्या टोकाला उभी. तिला पाणी द्यायचं असलं की ती अकोल्याला फोन करते. "आई, मोटर लावता काय?" मग मी आमच्या इमारतीखालच्या बाकावर, चार म्हाताऱ्यांच्या समोर, पदर सावरून घंटी देते. थोड्या वेळानं मेसेज येतो. मी तो मोठ्यानं वाचून दाखवते. म्हाताऱ्या "बाप्पा बाप्पा!" करतात. शेजारच्या लीलाबाईंनी तर एकदा टाळ्या वाजवल्या.

ही खोड जुनी आहे. आमच्या घरी पहिला फोन आला तेव्हा त्याच्या डायलला मी बोटाएवढं कुलूप लावलं होतं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली होती. गल्लीतलं कोणी फोन करायला आलं की मी आधी त्याला चहा पाजायची, मग कोणाला, काहून, किती वेळ हे विचारायची आणि मग गळा पुढे करून किल्ली काढायची. जिल्हाधिकारी झाल्यासारखी. त्या बाईचा मला आता राग येत नाही, हसू येतं. कुलूप उघडायला वाकताना ती पोट आत ओढून धरायची, तेही आठवतं.

तर प्रवासाचं निमित्त माझी नात रेवा, लेकीची मुलगी. मोबाईलचे टॉवर उभारणाऱ्या एका कंत्राटदाराकडे ती इंजिनीअर आहे. चिखलदऱ्याच्या पुढे, जंगलात आतल्या एका गावात तिचा टॉवर सुरू होणार होता. "आजी, बघायला ये," म्हणाली. मी लगेच पिशवी भरली. एका जागी बसलं की माझे पाय आपोआप हलतात.

अमरावती

बडनेऱ्याला उतरून अमरावतीला धाकट्या बहिणीकडे गेले. शकू माझ्याहून लहान, पण बोलताना माझी सासू. तिनं आम्हा दोघींसाठी भाड्याची गाडी ठरवली होती, गाडीवाले बब्बूभाई. निघायच्या आधी गिला वडा खायचा हा आमचा नियम. उडदाचा मऊ वडा, त्यावर ताक आणि चटण्या. अकोल्यात असा मिळत नाही. मिळतो म्हणणारे खोटं बोलतात.

वडा खाताना शकूचा नातू फोनवर क्रिकेट बघत होता. मध्येच चित्र अडकलं तर त्यानं असा चेहरा केला की कोणी गेलं की काय असं मला वाटलं. शकू म्हणाली, "ताई, आपुन ट्रंककॉल लावून दिवसभर पोस्टात बसत होतो, याइले दोन सेकंद निंगत नाही."

"तू बसत होतीस," मी म्हटलं. "मी आत जाऊन त्या ऑपरेटरशी भांडत होते."

"त्याच्यानंच कॉल लागत नव्हता न व तुहा!"

बागेत

परतवाड्याच्या आधी गाडी बागेकडे वळवायला लावली. पौष लागला होता, बागेला ताण दिलेला होता. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. संत्र्याच्या झाडाचं पाणी हिवाळ्यात महिनाभराहून जास्त तोडतात. झाड तहानेनं कासावीस होतं, पानं वळतात, पिवळी पडतात, गळतात. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की झाड फुलांनी फुटतं. त्या आधी चुकून पाणी मिळालं तर झाड हुशारून पालवी काढतं, आणि फूल राहतं बाजूला. वर्षभराचं उत्पन्न त्या फुलांवर. म्हणून ताणाच्या दिवसांत विहिरीकडे कोणी फिरकतसुद्धा नाही.

मंदा बांधावर उभी होती. एक पान तोडून तिनं माझ्या तळहातावर ठेवलं. कागदासारखं वाजलं.

"आणखी किती दिवस?" मी विचारलं.

"संक्रांत होऊ द्या. मी रोज पाहून राहिली. रातच्याले बी झोप नाही लागत, आई. पानी द्याव वाटते अन् देता येत नाही." मग तिनं खालच्या आवाजात म्हटलं, "आई, आता तो मोटरचा नंबर माह्यावर करून द्या न. तुमी अकोल्यात, मी इथं. बहार आला की दिवसातून चारदा लावा-बंद करा लागते."

खरं म्हणजे यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण मला लीलाबाईंच्या टाळ्या ऐकू आल्या.

"पाहू," मी म्हटलं. "आधी फिरून तर येऊ दे."

मंदानं मान हलवली. तिची ही मान हलवायची पद्धत मला कधी आवडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चिखलदरा

घाट चढताना कान दडले आणि मला माझं लग्नानंतरचं चिखलदरा आठवलं. तेव्हा मी बी.ए. झालेली, पुण्याच्या मावशीकडे दोन महिने राहून आलेली, आणि 'मले-तुले' बोलायचं नाही असा पण केलेला. उंच टाचांच्या चपला घालून मी या डोंगरावर आले होते. पंचबोल पॉइंटवर ओरडलं की आवाज पुन्हा पुन्हा परत येतो. नवऱ्यानं म्हटलं, "ओरड काहीतरी." मी म्हणाले, "इश्श, असं ओरडणं सभ्यपणाचं नाही." आणि वळताना टाच मुडपली, धपकन पडले, आणि तोंडातून निघालं, "मेली व माय!" दरीनं ते शुद्ध वऱ्हाडीत सगळ्यांना ऐकवलं. नवरा पार परतवाडा येईपर्यंत हसत होता.

या वेळी कापडी बूट होते. पॉइंटवर धुकं होतं, दरी दिसत नव्हती, शकूला थंडी वाजत होती. टपरीवर इथल्याच मळ्यातली म्हणून कॉफी मिळाली. कडू होती, पण गरम होती. मला मात्र बसवत नव्हतं. रेवाचं गाव अजून पुढे होतं आणि तिकडे रेंज नाही असं बब्बूभाईंनी सांगितलं होतं.

"आजी, जिसको फोन करना है, यहींच करो. आगे डब्बा है डब्बा."

तेव्हा मी पोहोचल्याच्या घंट्या द्यायला घेतल्या. आमच्याकडची ही जुनी रीत. पोहोचलं की एक घंटी द्यायची आणि कट करायची; समोरचा उचलत नाही, पण समजतो की सुखरूप आहेत. आता बोलणं जवळपास फुकट झालं, तरी आमच्या वयाच्या बायका घंटीच देतात. लेकीला दिली. भावाला दिली. मग मंदाला. हात थंडीनं काकडले होते, चष्मा धुक्यानं भरला होता. एक घंटी, कट.

शकूची कॉफी संपली आणि आम्ही पुढे निघालो.

टॉवरचं गाव

सागाच्या जंगलातून, दोन ओढे ओलांडून ते कोरकूंचं गाव आलं. शेणानं सारवलेल्या भिंती, समोरासमोर घरांच्या सरळ दोन रांगा. आमच्या वेड्यावाकड्या खेड्यांना लाज वाटावी अशा. टेकाडावर रेवाचा टॉवर. खाली सौरपट्ट्या, वर गोल थाळी. रेवा डोक्यावर हेल्मेट घालून आली आणि तशीच गळ्यात पडली. माझा दात हलला.

"सुरू झाला का ग तुझा टॉवर?"

"उद्या, आजी. ही थाळी समोरच्या डोंगरावरच्या थाळीकडे बरोबर बघायला हवी. जराशी नजर चुकली की दोघी मुक्या."

"आमच्या घरच्यासारखंच की," शकू म्हणाली.

रेवाच्या खोलीवर कुटकी या डोंगरी धान्याचा भात आणि उडदाची डाळ होती. जेवायला बसण्याआधी वेळ बघायला मी फोन काढला, तर त्यावर एक मेसेज. वाटेत कुठल्या तरी वळणावर चोरपावलानं येऊन बसला असणार.

'मोटर चालू हुकूम मिळाला. लाईन नाही. लाईन येताच मोटर सुरू होईल.'

मी तो दोनदा वाचला. मग नावांची यादी उघडली. मंदा. तिच्या खाली मोटर. माझं बोट एक ओळ खाली उतरलं होतं.

"शकू," मी म्हटलं, "मी मोटरला पोहोचल्याची घंटी दिली."

शकू घास घेता घेता थांबली. शेतकऱ्याची पोर ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. "लाईन कधी येते?"

"या आठवड्यात सकाळची पाळी."

रेवानं विचारलं, "पण एवढं काय झालं? थोडं पाणी गेलं तर?" ती शहरात वाढलेली. तिला ताण सांगितला. ऐकून ती उठली आणि म्हणाली, "चल. रेंजचा दगड आहे."

गावाबाहेर, उतारावर एक काळा खडक होता. त्याच्या एका टोकाला, एका विशिष्ट बाजूला तोंड करून उभं राहिलं तर एक काडी रेंज मिळायची, तीही वारा असेल त्याप्रमाणे. खडकाला लागून तेंदूचं झाड, त्याच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. फोन पिशवीत ठेवायचा, नंबर लावायचा आणि खाली उभं राहून ओरडत बोलायचं. गावानं हे स्वतःच शोधून काढलं होतं.

खडकावर एक म्हातारी बसली होती, फुलवंताबाई. तिचा फोन पिशवीत लटकत होता. ती कोणाला लावत नव्हती. तिचा मुलगा दूर कुठं कामावर होता. आठवड्यातून कधी तरी सांजेला त्याचा फोन यायचा, म्हणून ती रोज सांजेला येऊन बसायची. मला धापा टाकताना बघून तिनं स्वतःचा फोन काढून घेतला आणि जागा केली. "लगाओ, बाई. मेरा आना होगा तो कल आएगा."

तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, वेळ नव्हता.

मंदाचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला, एक घंटी गेल्यासारखी झाली आणि तुटली. मग मला बुद्धी सुचली: मंदा कशाला? सरळ मोटरलाच दुसरी घंटी द्यावी, बंद होईल. लावली. काहीतरी वाजलं. गेली की नाही? मेसेज येईना. म्हणून आणखी एकदा लावली. ती नक्की गेली असं रेवा म्हणाली. म्हणजे पहिलीही गेली असेल तर मोटर बंद होऊन परत चालू झाली! मी घाईघाईनं आणखी एक दिली.

"थांब व!" शकू ओरडली. "किती झाल्या?"

"तीन."

"चार झाल्या. पिशवी हलली तवाची मोजली नाही तू."

"ती लागलीच नाही."

"मंग वाजली काहून?"

आम्ही दोघी त्या खडकावर उभ्या राहून सम आणि विषम असं भांडलो. फुलवंताबाई आमच्याकडे बघत होती आणि मधूनमधून कौतुकानं मान डोलावत होती. शेवटी काडीही गेली. हुकूम लक्षात ठेवणारी मोटर, आणि तिची मालकीण दिलेला हुकूम विसरलेली!

परत येऊन मी कुटकीचा भात चिवडला. रेवा म्हणाली, "आजी, घाटाच्या वर रेंज येईल. उजाडताच निघ."

"तुझा टॉवर?"

"टॉवर काय, तो इथंच आहे."

झोप लागली नाही. सारखं वळलेलं पान हातात वाजत होतं. मंदालाही झोप येत नसेल हे मला त्या वेळी पहिल्यांदा सुचलं, आणि तिची झोप न लागणं निदान कामाचं होतं.

उतरताना

बब्बूभाईंनी उजाडताच गाडी काढली. "आजी, टेंशन मत लो," असं ते दर वळणावर म्हणाले आणि दर वळणावर माझं वाढत गेलं. फोन मी खिडकीबाहेर धरला होता. शकूनं माझा दंड धरला होता, फोनसाठी.

चिखलदऱ्याच्या अलीकडे फोन थरथरला आणि मेसेज धडाधड कोसळले. बंद. चालू. एक रिकामा. पुन्हा बंद. पुन्हा चालू. आणि सगळ्यात खाली, ताजा: 'लाईन आली. मोटर सुरू झाली.'

माझं बोट आपोआप मोटरकडे गेलं. शकूनं हातावर फटका मारला. "तिले नको! मंदीले लाव!"

मंदानं बऱ्याच वेळानं उचलला. तिला धाप लागली होती.

"मंदा, मोटर..."

"समजलं," ती म्हणाली. "मी तुरीत होती. आवाज आला तशी धावत आली. फ्यूज काढला."

"पाणी गेलं का?"

"या तुमी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बागेत पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दूरच्या झाडांखाली काळी भुई तशीच भेगाळलेली होती. पण विहिरीकडच्या ओळींत प्रत्येक झाडाच्या बुडाशी गोल, ओला, चमकदार डाग. किती सुंदर दिसत होते ते डाग. इतर कुठल्याही दिवशी मी म्हटलं असतं, वा! मंदा गुडघ्यांवर बसून ठिबकच्या नळ्या दुमडून दोरीनं बांधत होती. मी तिच्याशेजारी वाकले, तर ती म्हणाली, "राहू द्या, आई, पाय भरतीन."

"मंदा, बोल काहीतरी."

"काय बोलू? तुमची बाग, तुमची मोटर." तिनं गाठ आवळली. "महिना झाला, पानी देऊ-देऊ वाटे तवा मी हात बांधून घेतले. माह्या हातात असतं तर मी सकाळीच बंद केली असती. माह्या हातात काय हाये? फ्यूज!"

पहिल्यांदा भांडली. मला वाटलं होतं तसं बरं काही वाटलं नाही.

त्याच क्षणी माझा फोन वाजला. रेवा! "आजी! लागला टॉवर! गावातून पहिला फोन तुला!" मागे गलका, ढोल, कोणीतरी हसत होतं. "फुलवंताबाई विचारतेय, मोटर बंद झाली का?"

"झाली म्हणावं," मी म्हटलं. "तिच्या पोराला लावून दे आधी." आणि लाज, जी आदल्या सांजेला यायला हवी होती, ती त्या भर उन्हात चिखलात आली.

नंबर बदलायचा तर जुन्या नंबरावरूनच मोटरला मेसेज पाठवावा लागतो. तिथंच बांधावर बसून मी मंदाचा नंबर एकेक आकडा बघून टाकला. शकू दोनदा तपासून म्हणाली, "बरोबर हाये, पाठव." पाठवला. माझ्या फोनवर काहीच आलं नाही. उत्तर मंदाच्या फोनवर गेलं. तिनं वाचलं, पदरानं फोन पुसला आणि कमरेला खोचला. मला दाखवला नाही.

पुन्हा बागेत

हे लिहिते आहे ते फाल्गुनात. संक्रांतीनंतर मंदानं तिच्या दिवशी, तिच्या घंटीनं पाणी सोडलं. मला आदल्या दिवशी सांगितलं, विचारलं नाही. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा वास फाट्यापासून येत होता. बाग पांढरी झाली होती. मधमाश्यांचा आवाज इतका की बोलताना मोठ्यानं बोलावं लागत होतं. फक्त विहिरीकडच्या ओळी हिरव्यागार, पालवीनं लवलवणाऱ्या, आणि फुलांच्या नावानं इकडे एक तिकडे एक.

रस्त्यावरून शेजारच्या मळ्याचे दादाराव जात होते. त्यांची नजर तिथंच गेली. शेतकऱ्याची नजर दुसऱ्याच्या नुकसानीवर बरोबर बसते. "काय व मंदाबाई, या ओळी काहून अश्या? ताणात पानी गेलं वाट्टे?"

मी पुढे झाले. सांगणारच होते. सांगायची मला हौसही आहे, आणि ही गोष्ट मी आतापर्यंत अकोल्याच्या बाकावर तीनदा सांगितली आहे, दर वेळी घंट्या वाढवून.

"गेलं, दादाराव," मंदा म्हणाली. "मोटर माह्या नंबरावर हाये. माह्याच हातून लागली."

दादाराव "होते बाप्पा, होते" म्हणत गेले. मंदानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं फोन काढला, घंटी दिली, कट केली. विहिरीवर मोटर घुमायला लागली.

"आई," ती म्हणाली, "त्या हिरव्या ओळीइच्या नळीचा वाल बंद करून या. त्याइले आज पानी नको."

मी पदर खोचला आणि गेले.